ओझरची विमानं आणि फॉर्म ७००

नाशिकजवळ दहाव्या मैलाच्या आसपास रिक्षावाला आजही विचारतो, ‘ओझर गाव की ओझर मिग?’ १९६४ मध्ये मिग-२१ लढाऊ विमानं बांधण्यासाठी इथे एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड) ही सरकारी कंपनी आली आणि नाव चिकटलं. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं, नाव राहिलं.

कारखाना म्हटलं की नवीकोरी विमानं आठवतात. पण ओझरचं बरंचसं काम जुनी विमानं खोलून पुन्हा जोडण्याचं: एचएएलचा ओव्हरहॉल आणि हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो.

हवाई दलात प्रत्येक विमानाचा एक फॉर्म ७०० असतो. उड्डाणाआधी इंजिन, इलेक्ट्रिकल, शस्त्रं अशा एकेका ट्रेडचा (कामाच्या शाखेचा) माणूस तपासून सही करतो, मग वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. उतरल्यावर जाणवलेला दोषही त्यातच. म्हणजे माहितीचा दुष्काळ कधी नव्हताच. ती ज्या त्या विमानाच्या कागदांत पडून असायची.

ती एकत्र मांडली की काय दिसतं? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांच्या गटाने पाणबुड्या हुडकणाऱ्या विमानांच्या नोंदी उड्डाणाच्या तासांनुसार लावल्या. दर ५० तासांनी तपासणी ठरलेली. बिघाड सर्वांत जास्त कधी? तपासणी झाल्याझाल्या! धडधाकट यंत्र उगाच खोललं जात होतं. वेळापत्रक बदलल्यावर ताफ्याचे उड्डाणतास सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. पुढे १९७८ मध्ये नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्याला दिलेल्या अहवालात म्हटलं, की विमानाच्या ८९ टक्के भागांना वयाची मुदत घालून, म्हणजे ठराविक तासांनी बदलून, काहीच साधत नाही. मेकॅनिक मंडळींना हे पचायला जड गेलं असणार.

आपल्या हवाई दलाचं दुखणं वेगळं, रशियन बनावटीच्या विमानांच्या सुट्या भागांचं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि एका घरून येणारे भाग अनेक दारांतून मागवावे लागले. भाग नसला की शेजारच्या विमानाचा काढून बसवायचा, म्हणजे काढणं-बसवणं दुप्पट, आणि दुसरं विमान जमिनीवर. २०१५ च्या कॅग (सरकारी लेखापरीक्षक) अहवालात सुखोई-३० लढाऊ विमानांची सज्जता, म्हणजे उडायला तयार विमानांचं प्रमाण, ५५ ते ६० टक्के निघाली. अपेक्षा होती ७५ टक्क्यांची. २०१७ मध्ये रशियन कंपन्यांशी सुट्या भागांसाठी दीर्घकालीन करार झाले.

हवाई दलाने भांडारासाठी आयएमएमओएलएस आणि देखभालीसाठी ई-एमएमएस या संगणकप्रणाली आणल्या. खरी मेख या दोन्ही जोडण्यात आहे: हँगरमध्ये कुठला पंप किती तासांनी उतरवला, हे भांडाराला पुढची मागणी लिहिण्याआधी दिसायला हवं.