कोड्यातले अक्षर आणि सुविचारातले यमक

इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या भागांतल्या मराठी घरांत सकाळी दारात पडणारे वर्तमानपत्र बहुधा हिंदी असते. त्याच्या आतल्या पानावर राशिभविष्याच्या आसपास एक सुविचार आणि एक ‘वर्ग पहेली’ असते. मराठी शब्दकोडे हवे असेल, तर पुण्या-मुंबईच्या दैनिकाची ई-आवृत्ती उघडावी लागते. दोन्ही भाषांतली कोडी नेमाने सोडवणारी ज्येष्ठ मंडळी या शहरात पुष्कळ आहेत, आणि हातातले पेन खाली ठेवण्यापूर्वी त्या दिवसाचा सुविचार घरातल्यांना मोठ्याने वाचून दाखवणारीही. या दोन्ही गोष्टींचा आनंद अस्सल आहे, मात्र त्या आनंदामागे मेंदूत चालणारे काम अगदी निराळे आहे. गेल्या साठ वर्षांत स्मृतीच्या अभ्यासकांनी या कामाचा बराच उलगडा केला आहे.

आज आपण ज्याला शब्दकोडे म्हणतो, त्याचा आरंभ २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत झाला. मूळचे लिव्हरपूलचे असलेले आर्थर विन यांनी रचलेले ते कोडे शंकरपाळ्याच्या आकाराचे होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिका आणि इंग्लंड या दोन्ही देशांत त्याचे वेड पसरले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मात्र बरीच वर्षे त्याला थारा दिला नाही आणि १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, ते सुरू केले.

हा खेळ देवनागरीत आला तेव्हा त्याचे गणितच बदलले, आणि मला या विषयातला हा सर्वांत रंजक भाग वाटतो. रोमन लिपीतल्या कोड्यात एका चौकटीत एक वर्ण बसतो आणि त्यासाठी पर्याय असतात २६. आपल्या कोड्यात एका चौकटीत एक पूर्ण अक्षर बसते, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसकट. ‘स्त्री’ हा अख्खा शब्द एकाच चौकटीत मावतो. चौतीस व्यंजने धरून प्रत्येकाची बाराखडी मांडली, तर ४०८ अक्षरे होतात, आणि त्यांत स्वतंत्र स्वर व जोडाक्षरे अजून धरलेलीच नाहीत. माहिती मोजण्याचे एकक बिट, म्हणजे एका ‘हो की नाही’ प्रश्नाचे उत्तर. सगळे पर्याय सारख्याच वारंवारतेने येतात असे मानले, तर रोमन लिपीतली एक भरलेली चौकट जास्तीत जास्त ४.७ बिट माहिती देते, तर देवनागरीतली साडेआठ बिटांहून अधिक. प्रत्यक्षात काही अक्षरे फार वेळा आणि काही क्वचितच येत असल्यामुळे हे आकडे दोन्हीकडे खाली येतात. तरीही आपल्या कोड्यातली एक चौकट हाती लागणे हा मोठा लाभ असतो, हे सोडवणाऱ्याला अनुभवाने ठाऊक असतेच.

या लाभाची किंमत कोडे रचणाऱ्याला मोजावी लागते. माहितीशास्त्राचा पाया घालणारे क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालच्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात शब्दकोड्यांचा आवर्जून उल्लेख केला आहे. भाषेतले कोणतेही वर्ण कोणत्याही क्रमाने लिहून अर्थपूर्ण शब्द झाला असता, तर कसाही भरलेला तक्ता शब्दकोडे ठरला असता. उलट भाषेचे निर्बंध फारच कडक असतील, तर मोठे शब्दकोडे रचणे अशक्य होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. मराठीला तो लावून पाहा. ४०८ अक्षरांतून तीन अक्षरांच्या सुमारे ६ कोटी ७९ लाख जुळण्या होतात आणि त्यांतला अत्यंत लहान अंश खऱ्या शब्दांचा असतो. त्यामुळे आडव्या आणि उभ्या शब्दांनी प्रत्येक चौकटीत एकमेकांना छेदावे अशी दाट रचना मराठीत जमणे अवघड असते. रचनाकार काळ्या चौकटी सढळ हाताने वापरतो, छेद मोजकेच ठेवतो, आणि म्हणूनच प्रत्येक छेद सोडवणाऱ्याच्या दृष्टीने मोलाचा ठरतो.

असा एक छेद जवळून पाहू. आडवा शब्द, तीन अक्षरे, सूचना: ‘पाणी साठवण्याचे मातीचे मोठे भांडे’. इंदूरच्या मराठी माणसाच्या मनात पहिल्यांदा येईल तो ‘मटका’, कारण बाजारात, शेजारी आणि दुकानात तो हाच शब्द दिवसभर ऐकतो. अक्षरेही तीनच असल्याने तो चौकटींत चपखल बसतो. मग मधल्या चौकटीतून जाणारा उभा शब्द सुटतो: ‘रात्री चमकणारा कीटक’, म्हणजे ‘काजवा’, आणि मधले अक्षर ‘ज’ असल्याचे कळते. ‘मटका’ बाद होतो, पण खरा शब्द अजून येत नाही. तो आजीच्या घरी न्हाणीघराच्या कोपऱ्यात होता, त्याच्या गळ्याला ओले फडके गुंडाळलेले असायचे, हे सगळे आठवते; नाव तेवढे आठवत नाही. शेवटी पहिल्या चौकटीतून खाली जाणारी ‘रांगोळी’ सुटते, ‘रां’ मिळतो आणि त्याच क्षणी ‘रांजण’ ओठांवर येतो.

शब्द जिभेवर घोळावा आणि बाहेर पडू नये, या अवस्थेचा पहिला पद्धतशीर अभ्यास रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी हार्वर्डमध्ये केला आणि १९६६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या. म्हणजे खरे तर शब्दकोड्यातल्या सूचनाच दिल्या. ज्यांना शब्द येता येता अडला, त्यांनी त्याचा पहिला वर्ण निम्म्याहून अधिक वेळा बरोबर सांगितला, आणि त्यात किती अवयव, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे तुकडे, आहेत याचाही त्यांना बऱ्यापैकी अंदाज होता. शब्द स्मृतीत सबंध एका तुकड्याने साठवलेला नसतो, त्याचा अर्थ आणि त्याचा ध्वनी वेगवेगळ्या ठिकाणी असून त्यांच्यात दुवे असतात, हे यावरून उघड झाले. डेबोरा बर्क, डोनाल्ड मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली याचे कारण मांडले: अर्थाकडून ध्वनीकडे जाणारे दुवे वापर कमी झाला आणि वय वाढले की क्षीण होतात. अर्थ शाबूत असतो, वाट तेवढी बुजते. नंतरच्या प्रयोगांत असे दिसले की अडलेल्या शब्दाशी ध्वनीने जुळणारे इतर शब्द उच्चारले तर तो सुटायला मदत होते, आणि या मदतीत पहिल्या अवयवाचा वाटा सर्वांत मोठा असतो. देवनागरीतली पहिली चौकट भरली की बहुतेक वेळा हाच पहिला उच्चारित अवयव आपल्या हाती लागतो. ‘ज’ने जे साधले नाही ते ‘रां’ने साधले, ते यामुळे.

दोन भाषांत वावरणाऱ्यांना शब्द अडण्याचा अनुभव अधिक येतो, हे तामार गोलान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ नंतरच्या अभ्यासांत दाखवले आहे. कारण साधे आहे: बोलण्याचा एकूण वेळ दोन भाषांत वाटला जातो, म्हणून प्रत्येक भाषेतला शब्द तुलनेने कमी वापरला जातो. मात्र दोन्ही भाषांत ध्वनी आणि अर्थ सारखाच असलेला शब्द याला अपवाद असतो, कारण त्याला दोन्हीकडचा वापर मिळतो. मराठी-हिंदीच्या जोडीला हे लावले, तर ‘पुस्तक’, ‘आकाश’, ‘नदी’ हे शब्द इंदूरकराला सहसा अडायचे नाहीत. अडतील ते ‘रांजण’, ‘काजवा’, ‘उंबरठा’. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत हिंदी बोलता बोलता मराठी शब्द सुचेनासा झाला की मोठी माणसे खंतावतात, आपली स्मृती चालली असे त्यांना वाटते. दोन भाषा जिवंत ठेवणाऱ्या मेंदूत हे घडणे स्वाभाविक आहे, हे त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवे, असे मला मनापासून वाटते.

शब्द स्वतः ओढून काढण्याच्या या धडपडीचा आणखी एक फायदा आहे. नॉर्मन स्लॅमेका आणि पीटर ग्राफ यांनी १९७८ साली दाखवले की नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा सूचनेवरून स्वतः तयार केलेला शब्द अधिक चांगला लक्षात राहतो. पुढे २००९ साली नेट कॉर्नेल, मॅथ्यू हेज आणि रॉबर्ट ब्योर्क यांना असेही आढळले की उत्तर शोधण्याचा प्रयत्न फसला, तरी त्यानंतर पाहिलेले खरे उत्तर, प्रयत्नच न करता वाचलेल्या उत्तरापेक्षा अधिक टिकते. अडलेले कोडे रात्रभर तसेच ठेवून दुसऱ्या दिवशीच्या अंकात उत्तर पाहण्याची जुनी शिस्त या दृष्टीने फार चांगली आहे.

मग शब्दकोड्यांनी म्हातारपणीचा विसर टळतो का? येथे जपून बोलावे लागते. १९९९ साली डेव्हिड हॅम्ब्रिक, टिमथी सॉल्टहाउस आणि एलिझाबेथ माइन्झ यांनी कोडी सोडवणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा कोड्यांचा सराव वयानुसार होणारी तर्कशक्तीची घट रोखतो असा पुरावा मिळाला नाही. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागातल्या वृद्धांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारलेल्या २०११ सालच्या अभ्यासात, पुढे स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींपैकी कोडी सोडवणाऱ्यांच्या स्मृतीची वेगवान घसरण सुमारे अडीच वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसले; पण ज्यांची बुद्धी मुळातच अधिक तरतरीत असते, तेच कोड्यांकडे वळतात, ही शक्यता अशा पाहणीत पूर्णपणे दूर करता येत नाही. २०२२ साली कोलंबिया आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी सौम्य बौद्धिक घट असलेल्या १०७ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले आणि ७८ आठवडे एका गटाला संगणकावरची शब्दकोडी, तर दुसऱ्याला संगणकावरचे बौद्धिक खेळ दिले. कोड्यांच्या गटाची कामगिरी काहीशी सरस ठरली. काहीच न करणारा तिसरा गट या चाचणीत नव्हता, म्हणून तिच्यातून तुलना निघते ती फक्त या दोन उपक्रमांची.

आता सुविचार. शाळेच्या फळ्यावर रोज नवा सुविचार लिहिण्याची मराठी परंपरा इंदूरच्या जुन्या मंडळींनीही लहानपणी पाहिलेली आहे, आणि तिचे मोल कमी नाही. पण सुविचार पटकन पटतो यामागे काही वेळा त्याची घडणच असते. मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका तोफिघबख्श यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला: अपरिचित म्हणी काहींना यमकासह, तर काहींना अर्थ तोच ठेवून यमक मोडून दाखवल्या. यमक असलेल्या म्हणी लोकांना अधिक खऱ्या वाटल्या. आपल्याकडे ‘गरज सरो, वैद्य मरो’ हे ऐकताच माणसाच्या कृतघ्नतेचा निवाडा झाल्यासारखे वाटते; ‘गरज संपल्यावर वैद्याची कोणी पर्वा करत नाही’ असे म्हटले, तर लगेच मनात येते की खरेच सगळे असे वागतात का. जे वाचायला आणि उच्चारायला सोपे जाते, त्या सोपेपणालाच मन खरेपणाची खूण समजते. पुनरावृत्तीनेही तेच होते. लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टोपिनो यांनी १९७७ साली दाखवले की तीच विधाने दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा ऐकवली, तर ती खरी असोत वा खोटी, लोकांना अधिक खरी वाटू लागतात. रोज सकाळी मोबाइलवर तोच सुविचार चार गटांतून येतो, त्याचाही परिणाम असाच होत असणार.

सुविचाराखालचे नाव हा आणखी एक भाग. एखादी गोष्ट लक्षात राहणे आणि ती कोठून कळली हे लक्षात राहणे, ही स्मृतीची दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम लवकर ढासळते. त्या रिकाम्या जागी मन परिचित, मोठे नाव बसवते. ‘उत्तिष्ठत जाग्रत’ हे वचन कठोपनिषदातले आहे. स्वामी विवेकानंदांनी ते देशभर पोहोचवले, म्हणून ते त्यांचेच समजले जाते. येथे निदान नात्यात तथ्य आहे. आइन्स्टाइन यांच्या नावावर मात्र अशी अनेक वाक्ये फिरतात, जी त्यांच्या लेखनात वा भाषणांत कोठेच सापडत नाहीत.

यमकाला केवळ फसवे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. डेव्हिड रुबिन आणि वांडा वॉलेस यांनी १९८९ साली अर्थाची सूचना आणि यमकाची सूचना आधी वेगवेगळी आणि मग एकत्र देऊन पाहिली. दोन्ही एकत्र मिळाल्यावर अपेक्षित शब्द सुचण्याचे प्रमाण, दोन्ही वेगळ्या प्रमाणांची बेरीज केली तरी तिच्यापेक्षा कितीतरी अधिक निघाले. शब्दकोड्यातही सूचना अर्थ देते आणि छेदातले अक्षर रूप देते. सुविचारातला एक शब्द झाकून नातवाला ‘गरज ____, वैद्य मरो’ असे विचारले, तर अर्थ आणि यमक मिळून त्याला नेमके हेच साहाय्य करतात, आणि त्याने स्वतः शोधलेला ‘सरो’ फळ्यावरून उतरवून घेतलेल्या ‘सरो’पेक्षा त्याच्याजवळ अधिक काळ राहतो.