लंडन ते पॅरिस: सव्वा तासाचं विमान सोडून आम्ही रेल्वेने का नेतो?

सहलीआधीच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न हमखास येतो, म्हणून लिहूनच देत आहोत.

लंडन-पॅरिस हवाई अंतर सुमारे ३४४ किलोमीटर. तिकिटावर दिसणारा सव्वा तास म्हणजे विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा वेळ. तुमचा प्रवास त्याच्या खूप आधी सुरू होतो. मध्य लंडनमधून हीथ्रोला बसने तास-सव्वा तास, तिथे दोन तास आधी हजेरी, उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगांसाठी तासभर, शार्ल द गॉल विमानतळावरून पॅरिसमध्ये शिरायला पाऊण ते एक तास. हॉटेल ते हॉटेल सहा तास सहज जातात.

युरोस्टार ही लंडन-पॅरिस थेट रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून सुटते आणि थेट गार द्यू नॉर स्टेशनला, म्हणजे भर पॅरिसमध्ये उतरवते. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्टेशनातच होते, त्यामुळे पलीकडे रांग नाही. सगळं धरून साडेचार तास. मात्र गेट गाडीच्या अर्धा तास आधी बंद होतं, म्हणून सव्वा तास आधी पोहोचायचंच. ‘आपली गाडी आहे, थांबेल’ हा हिशोब इथे चालत नाही.

खरा घोटाळा घड्याळाचा आहे. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या बारा महिने एक तास पुढे असतं. साडेनऊची गाडी बारा पन्नासला पोहोचते. मंडळी वजाबाकी करून ‘तीन तास वीस मिनिटं’ काढतात आणि त्याची तुलना गूगलवरच्या सव्वा तासाशी करतात. गूगलने तो जादा तास आधीच वगळलेला असतो. गाडीला खरे लागतात दोन तास वीस मिनिटं.

परतीला हेच उलटं होतं, आणि महागात पडतं. पॅरिसहून सहाला निघालेलं विमान तिकिटावर सव्वासहाला लंडनला! हे बघून काहीजण त्याच संध्याकाळचं मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर स्वतःच काढतात. दोन तिकिटं वेगळी असली की बॅगा काढून घ्या, ब्रिटनच्या इमिग्रेशनमधून बाहेर या, टर्मिनल बदला, पुन्हा चेक-इन करा. काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो. पहिलं विमान उशिरा आल्यामुळे पुढचं चुकलं, तर पैसे परत मिळत नाहीत. अशा जोडणीला किमान पाच तास ठेवा. विमानतळही नीट बघा: गॅटविक, लूटन, स्टॅनस्टेड हे सगळे ‘लंडन’च्या नावाखाली दिसतात.

रेल्वेला पातळ पदार्थांचा १०० मिलीचा नियम नाही, तेव्हा लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत चालते. लंडनमध्ये घेतलेलं तूप आणि पेढे मात्र तिथेच संपवा. दुग्धजन्य पदार्थ फ्रान्समध्ये नेता येत नाहीत. मोठ्या बॅगा माणशी दोन, वजनकाटा नाही, पण डब्यात चढवायच्या तुम्हालाच.

रेल्वे स्वस्त म्हणून नेतात, असंही कानावर येतं. उशिरा काढलं तर युरोस्टारचं तिकीट विमानापेक्षा महाग पडतं. आम्ही ग्रुपची तिकिटं लवकर काढतो, म्हणून ते सहलीच्या दरात बसतं. पॅरिस-रोम साधारण ११०० किलोमीटर आहे, तिथे आम्हीही विमानच धरतो.

स्वतः तिकीट काढणार असाल, तर पैसे भरण्याआधी वेळांचा स्क्रीनशॉट ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. सहल आमच्याकडे बुक केलेली असेल तर तपासून द्यायचे पैसे घेत नाही.