बॉइंकचं रिमोट कनेक्शन वेगळं आणि प्रॉक्सी वेगळी

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी हेच विचारतं. आतल्या नेटवर्कवर दोन-चार लिनक्स सर्व्हर आहेत, त्यांना बाहेरचं इंटरनेट नाही, प्रोसेसर रिकामे बसलेत, म्हणून त्यांच्यावर बॉइंक (रिकाम्या कॉम्प्युटरवर विज्ञान प्रोजेक्टची गणितं चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, लॅपटॉपवरचा मॅनेजर (बॉइंकची कंट्रोल विंडो) सर्व्हरला जोडला, कनेक्टेड दिसतंय, तरी प्रोजेक्टकडून एकही टास्क, म्हणजे करायचं गणित, येत नाही. आणि सांगणारे सांगतात, ३१४१६ पोर्ट (मॅनेजर ज्या दारातून सर्व्हरशी बोलतो तो) नीट उघडला का बघ. अरे, मॅनेजर जोडला गेला म्हणजे तो पोर्ट उघडाच आहे की! त्याचा टास्क येण्याशी काही संबंध नाही.

रिमोट कनेक्शन तुम्हाला माहीत आहे म्हणून पटकन सांगतो. सर्व्हरवर बॉइंकचा क्लायंट, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्राम, ३१४१६ वर ऐकत असतो, डेटा फोल्डरमधल्या रिमोट होस्ट्सच्या फाईलमध्ये लॅपटॉपचा आयपी टाकायचा, जीयूआय आरपीसीचा (याच रिमोट कनेक्शनचा) पासवर्ड द्यायचा, झालं. मॅनेजर वापरा नाहीतर टर्मिनलवरून बॉइंक-सीएमडी, दोन्ही एकच.

आता जिथे सगळे अडकतात ते. हे कनेक्शन फक्त हुकूम द्यायला आहे. तुम्ही मॅनेजरमध्ये अपडेट दाबता तेव्हा लॅपटॉप प्रोजेक्टकडे जात नाही, तो क्लायंटला एवढंच सांगतो की बाबा, जाऊन ये. जायचं क्लायंटलाच, आणि तेही ज्या मशीनवर तो चालतोय त्या मशीनच्या नेटवर्कमधून. टास्क आणणं, रिझल्ट पाठवणं, अगदी पहिल्यांदा प्रोजेक्ट जोडताना तुमचा ईमेल-पासवर्ड तपासून घेणं, सगळं क्लायंट करतो. लॅपटॉपला कितीही फास्ट नेट असू दे, त्यातलं टिपूसही सर्व्हरला मिळत नाही.

लोक चुकतात त्यात त्यांचा दोष नाही, कारण मॅनेजरमध्ये दिसतंच तसं. प्रोजेक्ट जोडायला गेलात की प्रोजेक्टची अख्खी यादी समोर येते, आइन्स्टाइन ॲट होम, रोसेटा ॲट होम सगळे, आणि वाटतं की नेट चालू आहे, पण ती यादी क्लायंटसोबतच फाईलमध्ये आलेली असते. प्रोजेक्टच्या वेबसाइटचं बटण दाबलं तर साइटही उघडते, पण ती लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये. मी स्वतः पहिल्या वेळी हे बघून दोन संध्याकाळी फायरवॉलचे नियम बदलण्यात घालवल्या. बघायचा असतो इव्हेंट लॉग, म्हणजे क्लायंटने काय केलं त्याची नोंद. लॅपटॉपवर उघडला तरी तो सर्व्हरवरच्या क्लायंटचाच असतो, आणि तिथे स्पष्ट ओळ येते की बॉइंकला इंटरनेट मिळत नाही, नेटवर्क किंवा प्रॉक्सी तपासा. या ओळीनंतर ३१४१६ चा विचार डोक्यातून काढून टाका.

बाहेरची वाट म्हणजे प्रॉक्सी, मधे बसून दुसऱ्यांच्या वतीने इंटरनेटवर जाणारा प्रोग्राम. ज्या एका मशीनला आतलं नेटवर्कही आहे आणि इंटरनेटही, तिच्यावर स्क्विड किंवा टायनीप्रॉक्सी चालवायची (स्क्विडचा नेहमीचा पोर्ट ३१२८, टायनीप्रॉक्सीचा ८८८८) आणि प्रत्येक सर्व्हरच्या क्लायंटला तिचा पत्ता द्यायचा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, एकाला दिला म्हणून बाकीच्यांना कळत नाही. बाहेरून आत येणारा एकही पोर्ट उघडावा लागत नाही, कारण क्लायंट स्वतःहून बाहेर जातो, साध्या एचटीटीपी-एचटीटीपीएसने.

आणि पत्ता देतानाच तोच घोळ दुसऱ्यांदा होतो! मॅनेजरच्या ऑप्शन्समध्ये प्रॉक्सीचा टॅब आहे, लोकांना वाटतं तो लॅपटॉपसाठी आहे, पण तिथे भराल ते तुम्ही जोडलेल्या क्लायंटला लागू होतं. म्हणजे प्रॉक्सी लॅपटॉपवर चालते म्हणून तिथे १२७.०.०.१ (म्हणजे ‘हीच मशीन’) लिहिलंत, तर सर्व्हर ती स्वतःमध्येच शोधत बसणार. सर्व्हरवरून लॅपटॉप ज्या आयपीने दिसतो तो लिहायचा. मी तर तो टॅब वापरतच नाही, सरळ क्लायंटच्या सेटिंगच्या सीसी-कॉन्फिग फाईलमध्ये प्रॉक्सी लिहितो, म्हणजे कोणत्या मशीनवर काय आहे ते डोळ्यांसमोर राहतं. आणि कृपा करून बॅशआरसीमध्ये (तुमच्या टर्मिनलच्या शेलची सेटिंग फाईल) एचटीटीपी प्रॉक्सी एक्स्पोर्ट करून काम झालं असं समजू नका, क्लायंट सिस्टमडी (लिनक्समध्ये मागे चालणारे प्रोग्राम सुरू करणारी यंत्रणा) चालवतं, तुमच्या शेलमधलं त्याला काहीही दिसत नाही.

एचटीटीपी प्रॉक्सी की सॉक्स (प्रॉक्सीचाच दुसरा प्रकार), यावर फार डोकं घालवू नका, मी एचटीटीपीच सांगेन, कारण ऑफलाइन सर्व्हरला बहुतेक वेळा डीएनएसही (साइटच्या नावावरून आयपी सांगणारी सोय) नसतो आणि एचटीटीपी प्रॉक्सी नावाचा पत्ता स्वतःच शोधते. सॉक्स घेतलीत तर रिमोट डीएनएस, म्हणजे नाव शोधायचं काम प्रॉक्सीवर सोपवणं, चालू करावं लागतं, नाहीतर क्लायंट प्रोजेक्टच्या नावापाशीच अडकतो. आणखी एक, सर्व्हरचं घड्याळ बघा. नेट नाही म्हणजे वेळ जुळवणारंही कुणी नाही, आणि घड्याळ फार मागे-पुढे गेलं की प्रॉक्सी अगदी बरोबर असूनही साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट चुकीचं म्हणून कनेक्शन तुटतं.

३१४१६ इंटरनेटसाठी उघडा असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आणि रिमोट होस्ट्सची फाईल न भरता सगळ्यांनाच परवानगी देणारा ऑप्शन लावून क्लायंट चालू करायचा सल्लाही तितकाच वाईट. सर्व्हर ऑफलाइन ठेवलेत ते काहीतरी कारणाने, तर ज्याचे आहेत त्याची परवानगी आधी घ्या, प्रॉक्सीतून फक्त प्रोजेक्टचे पत्ते जाऊ द्या.

डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून नेटवाल्या मशीनवरून अपडेट करणारेही आहेत. मला ते पटत नाही. क्लायंट प्रोजेक्टशी दर वेळी बोलताना एक वाढता नंबर पाठवतो, चुकून जुनी कॉपी परत चालू झाली की नंबर मागे जातो, प्रोजेक्ट ते ओळखतं, आणि हातातले टास्क सोडून दिलेले धरले जाऊ शकतात, इतक्या तासांचं गणित वाया.

कायमची प्रॉक्सी ठेवता येत नसेल तर लॅपटॉपवरून सर्व्हरला एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) करताना कॅपिटल आर (-R) आणि नुसता पोर्ट द्या, ओपनएसएसएच ७.६ पासून, म्हणजे २०१७ पासून, याने सर्व्हरवरच सॉक्स प्रॉक्सी तयार होते जी लॅपटॉपच्या नेटमधून बाहेर जाते. इथे मात्र क्लायंटला १२७.०.०.१ च द्यायचं, कारण ती प्रॉक्सी खरोखर सर्व्हरवर आहे. ही एसएसएचची वाट, म्हणजे टनेल, दिवसातून एकदाच उघडणार असाल तर कामाचा साठा दोन दिवसांचा ठेवा. जास्त भरू नका, कारण डेडलाइन उलटली की तेच काम प्रोजेक्ट दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतं.