‘राम’ न म्हणता रामायण

मोरोपंतांनी (1729–1794) रामायण एकदा लिहून थांबवलं नाही. परंपरा आकडा 108 सांगते. त्यातलं एक ‘निरोष्ठ’, म्हणजे ओठाला ओठ लागू न देता म्हणायचं. पवर्ग (प, फ, ब, भ, म) बाद, उ-ऊ बाद. आता ‘राम’ म्हणून बघा: शेवटी ओठ मिटतातच. म्हणजे नायकाचंच नाव घ्यायची चोरी! लक्ष्मण गेला, भरत गेला, हनुमंत तर दोनदा गेला. उरतात जानकीनाथ, दशरथतनय, अंजनीतनय असले वळसे. (‘राघव’मधला व दंतोष्ठ्य, म्हणजे दात आणि ओठ मिळून उच्चारायचा, त्यावर वाद घालायला वाव आहे.)

ही कसरत पंतांच्या डोक्यातून निघालेली नव्हे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त आपली सगळी हकिकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखत असतात. संस्कृत कवींना असा खेळ परवडायचा, कारण हाताशी ‘अमरकोश’ हा समानार्थी शब्दांचा कोश होता, आणि तोही पाठ. नुसत्या कमळासाठी त्यात पद्म, नलिन, अरविंद, कुशेशय, तामरस, पंकेरुह, सरसीरुह, राजीव, पुष्कर अशी रांग लागते.

ही रांग मिरवण्यापुरती नव्हती. पंतांची आर्या बहुतेक ‘गीती’ असते, अर्ध्याला 12 आणि 18 मिळून 30 मात्रा. ‘कमल’ तीन मात्रांत आटोपतं. पाच हव्या असतील तर राजीव, अरविंद, तामरस, कुशेशय. सहा हव्या तर पंकेरुह. दुर्मिळ शब्द आधी अडचणीत कामाला येतो आणि मग त्याची गोडी लागते, असं मला वाटतं. पंतांच्या ‘केकावली’ या काव्याचं नाव त्या गोडीतलं. केका म्हणजे मोराचा टाहो. मोरोपंत मयूर झाले आणि देवाला घातलेली हाक केका झाली. इथे मात्रेची सबब नाही, निव्वळ हौस आहे.

पंडिती वळणाचा पुढे वीट आला. केशवसुतांनंतर कविता बोलण्याजवळ सरकली, पण खोड गेली नाही, पेठ बदलली. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. रविकिरण मंडळाच्या काळातली त्यांची कविता फारसी शब्दांनी भरलेली, आणि 1925 साली त्यांचा ‘फार्सी-मराठी कोश’ही निघाला. कवीनेच कोश करावा, याहून मोठी चैन कोणती? पण पुढे तेच भाषाशुद्धीकडे, म्हणजे परके शब्द टाळण्याकडे, वळले आणि 1938 साली त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. मला त्यांचा आधीचा अवतार जास्त आवडतो.

कवी ग्रेस यांच्यावर दुर्बोधतेचा शिक्का बसला, पण तिथे अवघड शब्दापेक्षा प्रतिमांची गुंतागुंत जास्त. तो विषय वेगळा.

मोल्सवर्थचा कोश (1831) आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आता फोनवर शोधता येतात. मी गझलेसाठी पाच मात्रांचा शब्द शोधायला बसतो. तासाभराने ओळ तिथेच असते आणि मी भलत्याच पानावर नांगराच्या भागांची नावं वाचत असतो.