'सिटी ऑफ रोम' आणि कराचीची हवाई टपाल : पार्श्वभूमी

२६ ऑक्टोबर १९२९ च्या रात्री इटलीच्या स्पेझिया बंदराबाहेर जे घडलं, ते वादळाच्या नावावर लिहून मोकळं होता येतं. वादळ होतंच. पण कराचीची टपाल घेऊन 'सिटी ऑफ रोम' ही उडती बोट (पाण्यावर उतरणारं विमान) त्या समुद्रावरून जेनोआकडे का निघाली होती, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

फार मागं नको. अलाहाबादहून नैनीला पत्रांचं पोतं १९११ मध्ये उडालं, ते प्रदर्शनापुरतं. खरी धडपड पहिल्या महायुद्धानंतरची. ब्रिटिश कंपनीची विमानं जानेवारी १९२७ पासून कैरो ते बसरा नियमित जाऊ लागली आणि तिथंच अडली. पुढं इराणचा किनारा होता आणि इराणची परवानगी मिळत नव्हती. ती मिळेपर्यंत दोन वर्षं गेली. ३० मार्च १९२९ ला लंडन-कराची सेवा सुरू झाली : आठवड्यातून एकदा, सात दिवसांचा प्रवास.

या सेवेला 'हवाई टपाल' म्हणत, आणि खरी गुंतागुंत या शब्दातच आहे. लंडनच्या क्रॉयडन विमानतळाहून विमान फक्त स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत जाई. तिथं पोती उतरवून आगगाडीत चढवत. रात्रभर आल्प्सच्या पोटातून प्रवास करून ती जेनोआला पोचत, तिथून पुढं भूमध्य समुद्रावर उडती बोट, आणि अलेक्झांड्रियापासून पुन्हा चाकांचं विमान. पाकिटावर हवाई टपालीची चिठ्ठी, तिचे जादा पैसेही भरलेले, आणि पत्र मात्र एक रात्र रुळांवर. त्या काळच्या विमानांना आल्प्स ओलांडणं जोखमीचं होतं, हे एक कारण. दुसरं असं, की फ्रान्सच्या बाजूनं ब्रिटिश विमानं आत घ्यायला इटली तयार नव्हती. म्हणजे हिंदुस्थानच्या टपालीचा मार्ग हवामान पाहून कमी आणि परराष्ट्र खात्यांच्या टेबलांवर जास्त आखला गेला. माझ्या मते या दुर्घटनेची चर्चा इथूनच सुरू व्हायला हवी.

त्यातच इटलीनं जेनोआ-अलेक्झांड्रिया टप्प्याच्या उत्पन्नात वाटा मागितला. ब्रिटिशांनी नकार दिला. ही ओढाताण चालू असतानाच 'सिटी ऑफ रोम' नेपल्सहून निघाली. तीन इंजिनांची, धातूच्या सांगाड्याची बोट, पण वादळात तिला समुद्रावर उतरावं लागलं. एका टगबोटीनं (जहाजं ओढणाऱ्या बोटीनं) तिला दोर लावून ओढायला सुरुवात केली. अंधारात, उसळत्या लाटांत तो दोर तुटला. ती पुन्हा सापडली नाही. आतले सातही जण गेले. उतरल्यावर सगळे जिवंत होते आणि मदत दोराच्या अंतरावर होती, हे वाचताना आजही जीव कासावीस होतो.

नंतर मार्ग बदलून ग्रीसमधल्या सॅलोनिकावरून नेला गेला. तारखा शेजारी ठेवल्या तर तो अपघातामुळे बदलला असं वाटतं. प्रत्यक्षात कारण वाटणीच्या भांडणाचंच होतं.

स्पेझियाच्या अपघाताच्या अवघ्या सात आठवड्यांपूर्वी, सप्टेंबरात, याच मार्गावर इराणच्या जास्कला रात्री उतरताना 'सिटी ऑफ जेरुसलेम' हे विमान कोसळून जळालं होतं. त्यात तिघे गेले. इराणच्या किनाऱ्यावरून जायच्या परवानगीची मुदतही पुढं संपली आणि १९३२ मध्ये विमानं शारजाच्या बाजूनं जाऊ लागली.

त्याच वर्षी, १५ ऑक्टोबरला, कराचीची टपाल एका छोट्या एक-इंजिनी विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला आली. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतची चिखलवट. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, तेव्हा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. १९३८ पासून साम्राज्यातली साधी पत्रंही जादा पैसे न घेता विमानानं येऊ लागली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये रात्रीची टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारही बाजूंची विमानं मध्यरात्री नागपूरला जमत, पोत्यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या आत ती आपापल्या गावी परतत. मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला मिळे. यासाठी वैमानिक अंधारात उडत. १२ डिसेंबर १९५३ ला नागपूरहून मद्रासला निघालेलं असंच विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. चौदांपैकी तेरा जण गेले. वाचला तो फक्त वैमानिक.