घराला जोडून लाकडी डेक बांधताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डेकची चौकशी करणारे आमचे बहुतेक ग्राहक सर्वप्रथम लाकडाचा रंग आणि फळ्यांचा दर विचारतात. हे दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. तथापि, कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश चार महिन्यांत पडतो. अशा प्रदेशात डेक किती वर्षे टिकेल आणि त्यावर किती निर्धास्तपणे वावरता येईल, हे फळ्यांपेक्षा त्यांच्या खालच्या भागावर अधिक अवलंबून असते. खांब जमिनीशी कोठे टेकतो, वाशावर पडलेले पाणी किती वेळात निघून जाते आणि स्क्रू कोणत्या धातूचा आहे, या गोष्टी काम पूर्ण झाल्यावर दिसत नाहीत व नंतर सहज बदलताही येत नाहीत. म्हणून या पत्रकात त्यांच्याविषयी अधिक लिहिले आहे.

जागेची निवड

घराच्या पश्चिमेला डेक हवा, असे अनेकांना वाटते, कारण समुद्र आणि सूर्यास्त त्या बाजूला असतो. मात्र नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाचा मारा आणि उन्हाळ्यातील दुपारचे ऊनही त्याच बाजूला सर्वाधिक असते. पश्चिमेचाच आग्रह असेल, तर घरालगतचा निम्मा भाग तरी छपराखाली घ्यावा, असा आमचा सल्ला आहे. कौलारू घराच्या पागोळ्या डेकवर पडत असतील, तर वळचणीला पन्हळ लावल्याशिवाय काम सुरू करू नये. रोज एकाच रेषेत पाणी पडत राहिल्यास त्या रेषेखालील फळ्या इतरांच्या कितीतरी आधी कुजतात. टेबलाभोवती चार खुर्च्या मांडून मागून ये-जा करता यावी, यासाठी किमान तीन मीटर खोली लागते. त्याहून अरुंद डेक आराखड्यात पुरेसा वाटतो, प्रत्यक्षात मात्र खुर्ची मागे सरकवताना अडचण होते.

समुद्रकिनाऱ्याजवळच्या भूखंडांना सागरी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू असू शकतात. त्यामुळे ग्रामपंचायत अथवा नगरपरिषदेकडे लेखी चौकशी करूनच आराखडा निश्चित करावा.

पाया आणि सांगाडा

जांभ्याच्या पक्क्या जमिनीत पायासाठी फार खोल जावे लागत नाही. घाटावरील काळी माती मात्र पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तेथे मुरूम लागेपर्यंत खोदावेच लागते, अन्यथा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक कोपरा उचललेला दिसतो. लाकडी खांब काँक्रीटमध्ये गाडण्याची पद्धत आम्ही पूर्णपणे टाळतो. गाडलेल्या खांबाच्या तळाशी पाणी साचते आणि तो जमिनीलगत, म्हणजे नेमका जेथे दिसत नाही तेथे, कुजतो. त्याऐवजी काँक्रीटचा ठोकळा जमिनीपासून किमान १५० मिलिमीटर वर आणून त्यावर गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची बैठक बसवली जाते आणि खांबाचे टोक ठोकळ्यापासून थोडे अधांतरी ठेवले जाते. यामुळे टोक वाळते राहते आणि वाळवीला वर चढायचे झाल्यास मातीची नळी उघड्यावर बांधावी लागते, जी आपल्या नजरेस पडते.

जुन्या घरांच्या जांभ्याच्या भिंतीला डेक टेकवून बोल्टने आवळण्याची मागणी अनेकदा येते, कारण त्यामुळे एक खांबओळ वाचते. जांभा सच्छिद्र असतो, त्यात बोल्टची पकड भरवशाची नसते आणि छिद्रातून पाणी भिंतीत शिरते. खर्च थोडा वाढला तरी डेक स्वतःच्या खांबांवर उभा करावा आणि भिंतीपासून २० ते २५ मिलिमीटर मोकळा ठेवावा, याविषयी आम्ही आग्रही आहोत.

डेक पेलणाऱ्या भाराचा हिशेब अंदाजाने करू नये. भारतीय मानक ८७५ (भाग २, १९८७) राहत्या घराच्या बाल्कनीसाठी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो, इतका भार धरते. घरातील कार्यक्रमाला वीस-पंचवीस माणसे छायाचित्रासाठी एकाच कडेला उभी राहतात, हे लक्षात घेता आम्हीही डेकसाठी तोच आकडा धरतो. २५ मिलिमीटर जाडीच्या सागाच्या फळ्यांसाठी वाशांतील अंतर ४०० मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवले जात नाही. प्रत्येक वाशाच्या माथ्यावर ब्युटिल टेपची (पाणी रोखणाऱ्या चिकट रबरी टेपची) पट्टी चिकटवली जाते, कारण फळी आणि वासा यांच्यामध्ये अडकलेले पाणी सर्वात उशिरा वाळते.

लाकूड, फळ्या आणि स्क्रू

सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो. गाभ्याभोवतीचा फिकट भाग वाळवी आणि बुरशीला सहज बळी पडतो. म्हणून खरेदीच्या वेळी प्रत्येक फळीची दोन्ही टोके पाहावीत आणि फिकट कड असलेला माल नाकारावा. ऐन आणि किंजळ यांनी कोकणातील घरांची छपरे पिढ्यानपिढ्या पेलली आहेत, परंतु ती लाकडे कौलांखाली कोरडी राहिली, हे विसरता कामा नये. उघड्या डेकच्या सांगाड्यासाठी आम्ही सागाचा गाभा किंवा गॅल्व्हनाइज्ड लोखंडी नळ्या वापरतो. लाकडाची पावती आणि वाहतूक परवाना ग्राहकाने मागून घ्यावा.

लाकूडचुरा आणि प्लास्टिक यांपासून बनलेल्या डब्ल्यूपीसी फळ्यांना वाळवी लागत नाही आणि तेलही लागत नाही, ही त्यांची जमेची बाजू आहे. मात्र एप्रिल-मे महिन्यांत त्या अनवाणी चालवणार नाही इतक्या तापतात, लांबीतही वाढतात आणि भार पेलणारा वासा म्हणून त्यांचा वापर करता येत नाही. लहान मुले खेळणार असतील आणि सावली नसेल, तर आम्ही त्या सुचवत नाही.

सागाची १०० मिलिमीटर रुंद फळी ऋतूनुसार साधारण एक-दीड मिलिमीटर फुगते व आकसते. म्हणून फळ्यांमध्ये ५ ते ६ मिलिमीटर फट ठेवली जाते. ही फट बुजवून घेण्याचा मोह कृपया टाळावा. खिळे कालांतराने वर येऊन पायाला लागतात, त्यामुळे केवळ स्क्रू वापरले जातात. समुद्रापासून जवळच्या घरांसाठी ते ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असतात, कारण ३०४ प्रतीच्या स्टीलवर खाऱ्या हवेने तांबूस ठिपके पडतात. साधे लोखंडी स्क्रू सागात वापरल्यास लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे त्यांच्याभोवती काळे डाग उमटतात.

गच्चीवरील डेक

पुणे-मुंबईकडील ग्राहकांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. वरील मानकानुसार वापरातील सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण १५० किलोचाच भार धरलेला असतो, म्हणजे बाल्कनीच्या निम्मा. फूटभर खोल ओल्या मातीचे वजन त्याच क्षेत्रावर ५०० किलोच्या आसपास जाते. त्यामुळे मोठ्या कुंड्या, वाफे किंवा पाण्याचे कुंड हवे असल्यास स्ट्रक्चरल इंजिनीअरचे लेखी मत मिळाल्यावरच आम्ही काम स्वीकारतो. ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे गच्चीवरील विटांच्या तुकड्यांच्या जलरोधक थरात, छिद्र पाडणे म्हणजे गळतीला वाट करून देणे होय. सांगाडा उंची जुळवता येणाऱ्या पायांवर, कोब्याला धक्का न लावता, नुसता ठेवला जातो. पाणी वाहून नेणाऱ्या जाळीवरील फळ्या उचलता येतील अशाच बसवल्या जातात.

कठडा, पायऱ्या आणि झोपाळा

जमिनीपासून उंच असलेल्या डेकचा कठडा किमान एक मीटर उंच असावा आणि गजांमधील अंतर १०० मिलिमीटरपेक्षा कमी असावे. आडव्या पट्ट्यांचा कठडा देखणा दिसतो, पण लहान मूल त्यावर शिडीसारखे चढते. घरात लहान मुले असल्यास गज उभेच ठेवावेत. पायऱ्यांची उंची १५० आणि रुंदी ३०० मिलिमीटर ठेवल्यास वृद्धांना त्रास होत नाही. सर्व पायऱ्या समान उंचीच्या असणे अत्यावश्यक आहे, कारण एकच पायरी कमी-जास्त असली तरी अंधारात तोल जातो.

झोपाळ्याची इच्छा असल्यास ती आराखड्याच्या वेळीच सांगावी. झोका घेताना कड्यांवर पडणारा ताण बसलेल्यांच्या वजनाहून अधिक असतो आणि त्याची दिशा सतत बदलते. त्यासाठी वेगळी तुळई आणि कर्णरेषेत आधार द्यावा लागतो. तयार डेकच्या छपराला नंतर कड्या ठोकून झोपाळा टांगू नये.

देखभाल

मे महिन्यात डेकखालील पाचोळा काढावा आणि खांबांवर वाळवीच्या नळ्या आहेत का, ते पाहावे. डेकखालच्या जागेत जळण, नारळाची सोडणे किंवा झावळ्या साठवू नयेत. त्यामुळे हवा अडते, वाळवी येते आणि फुरसे, घोणस यांसारख्या सापांना आसरा मिळतो. पावसाळ्यात धरणारे शेवाळ मऊ ब्रशने फळीच्या रेषांच्या दिशेने घासावे. जोरदार फवाऱ्याच्या यंत्राने लाकडाचे तंतू उचकटतात, म्हणून ते वापरू नये.

तेल दिवाळीनंतर, लाकूड पूर्ण वाळल्यावर द्यावे. व्हार्निशचा थर उन्हापावसात तडकतो आणि त्याखाली पाणी अडकते, म्हणून आम्ही ते वापरत नाही. दमट हवेत नुसत्या जवसाच्या तेलावर काळी बुरशी धरते. त्यामुळे बुरशीरोधक असलेले डेकचे तेल घ्यावे. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकल्यास तो आपोआप पेट घेऊ शकतो. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. तेल न दिल्यास साग काही महिन्यांत करडा होतो. हा केवळ रंगातील बदल आहे, त्याने लाकूड कमकुवत होत नाही.

कठडा हलत असेल, चालताना एखादी फळी दबत असेल किंवा स्क्रूड्रायव्हरचे टोक खांबात सहज रुतत असेल, तर डेकचा वापर त्याच दिवशी थांबवावा आणि आम्हाला कळवावे. आम्ही येऊन पाहीपर्यंत वरून नवी फळी ठोकून ती जागा झाकू नये, कारण खालचा सांगाडा कोठपर्यंत बिघडला आहे, हे त्याच जागेतून तपासावे लागते.