वास थांबला म्हणजे वायू गेला असे नव्हे

तेलविहिरीवरचा अपघात म्हटला की आगीचे लोळ डोळ्यांसमोर येतात; पण तेथे सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या कामगारांना ज्वाळेइतकाच धोका न दिसणाऱ्या वायूंचाही असतो. हायड्रोजन सल्फाइड हा त्यांतला सर्वांत फसवा म्हणावा लागेल.

हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एक भागही नसताना त्याचा सडक्या अंड्यासारखा वास नाकाला कळतो. प्रमाण 100 भागांच्या आसपास पोहोचले, की काही मिनिटांतच घ्राणेंद्रिय बधिर होते. वायू विरला असे कामगाराला वाटते, आणि नेमक्या त्याच वेळी तो जीवघेण्या पातळीकडे जात असू शकतो. 700 ते 1000 भागांना माणूस एकदोन श्वासांत कोसळतो, कारण पेशींमध्ये प्राणवायू वापरणारे विकर हा वायू बंद पाडतो. रक्तात प्राणवायू असूनही मेंदू गुदमरतो. हवेपेक्षा जड असल्याने तो खड्ड्यांत आणि विहिरीच्या तोंडाशी असलेल्या खोलगट जागेत साचतो. तेथे पडलेल्या सोबत्याला उचलायला दुसरा वाकतो, तोही त्याच थरात श्वास घेतो. 23 डिसेंबर 2003 रोजी चीनमधील चोंगचिंग परिसरात वायुविहीर उफाळली, तेव्हा या वायूने 243 जणांचा बळी घेतला. त्यांत बहुतेक आसपासचे गावकरी होते.

टाकीचे झाकण उघडून तेलाची पातळी मोजणे हे तर रोजचे, किरकोळ वाटणारे काम. झाकण उघडताच दाबाखालची प्रोपेन-ब्यूटेनसारखी वाफ थेट चेहऱ्यावर येते, प्राणवायू बाजूला सारते आणि हृदयाची लयही बिघडवू शकते. अमेरिकेत 2010 ते 2014 या काळात तेलाच्या टाक्या मोजताना किंवा नमुना घेताना 9 कामगार दगावल्याची नोंद तेथील सरकारी संस्थांनी केली आहे. त्यांपैकी काहींच्या मृत्यूचे कारण आधी केवळ हृदयविकार मानले गेले होते, ही बाब मला फार अस्वस्थ करते; कारण मृत्यू नैसर्गिक ठरला, की टाकीची चौकशी कोणी करत नाही.

म्हणून छातीजवळ लावलेला वायुमापक वाजला, की वास येवो न येवो, वाऱ्याच्या आडव्या दिशेने आणि उंचावर निघून जायचे. स्वतंत्र हवेची टाकी पाठीवर असल्याशिवाय कोणालाही वाचवायला परत फिरायचे नाही. पातळी झाकण न उघडता मोजणारी उपकरणे आज उपलब्ध आहेत, आणि ती बसवणे हा कंपनीचा निर्णय असतो, कामगाराचा नव्हे.